सूर-संवाद : वरचा सूर आला की आवाज फाटतो

प्रश्न : ताई, मी नागपूरला महालात राहते, वय 42. भजनी मंडळात मी नुसते ओठ हलवते, कारण अंतरा (गाण्याचा वरच्या सुरांत जाणारा भाग) आला की आवाज फाटतो अन् सगळ्या वळून पाहतात. या वयात जमेल काय?

उत्तर : काहून नाही जमणार बाप्पा! आधी पेटीवाल्या काकांना पट्टी विचारा, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरतात ते. पुरुष बरेचदा काळी एक-दोनमध्ये (सप्तकातल्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून) गातात आणि बायकांची पट्टी साधारण काळी चार-पाचच्या आसपास असते, अन् पुरुषांच्या पट्टीत बायकांना त्यांच्याहून एक सप्तक वर गावं लागतं, म्हणजे तुमचा अंतरा एकदम उंच जाणारच, यात गळ्याचा दोष नाही.

मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावा, आपला सा शोधा आणि सकाळी 10 मिनिटं फक्त तोच धरा, खांदे न उचलता श्वास पोटात घ्यायचा अन् हळूहळू सोडायचा. घरच्यांसमोर लाज वाटते ना, मग तोंड मिटून गुणगुणा, तेही चालतं. वरच्या सुराला हनुवटी वर करू नका (हे सगळेच करतात, मीही करायची), गळा आवळला जातो.

रेकॉर्डिंग ऐकून दचकू नका, आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो म्हणून तो मोबाईलवर परका वाटतो. आणि दुखायला लागलं की थांबा, रेटू नका.