जुनी माझदा मियाटा घेतली आहे. घरच्या घरी आधी काय बदलू?

टर्बो वगैरे सध्या डोक्यातून काढा. 1989 मध्ये आलेली ही गाडी मुळात वळणांवरच्या मजेसाठी आहे. सुरुवात ब्रेक ऑइलपासून करा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं मात्र 155 च्या आसपासही उकळू शकतं. मग पेडल स्पंजासारखं आत जातं. त्याच वेळी ब्रेक पॅड बदला, एक रविवार पुरतो. टायर दुकानातच बसवून घ्या.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, स्टँड लावाच. आणि हो, ब्लीडर निपलवर (चाकाजवळचा छोटा स्क्रू, ज्यातून जुनं ब्रेक ऑइल बाहेर काढतात) आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. मी नुसता जोर लावला होता, निम्मा निपल पान्यातच आला!