मांजरीचं पिल्लू जन्मताना गुदमरलं होतं, आता डुलत चालतं. ऑक्सिजन कमी पडल्यावर मेंदूत नक्की काय होतं?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू निळं पडलेलं, फडक्याने चोळून चोळून श्वास आला, आणि आता वाटीपाशी गेलं की तोंड थेट आत आपटतं. मी व्हेट नाही हं, पुण्यात झूलॉजीत एमएस्सी केलं आणि घरी मांजरं आहेत एवढंच.

मेंदूला ऑक्सिजन साठवता येत नाही. त्याचा पुरवठा थांबला की काही मिनिटांत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, संपतं, पेशीतले सोडियम-पोटॅशियमचे पंप बंद पडतात आणि ग्लुटामेट, जे एरवी निरोप पोचवतं, ते बाहेर साचत जातं कारण ते परत आत ओढायलाही ऊर्जाच लागते. मग पेशीत कॅल्शियम घुसतं आणि ती मरते, म्हणजे मेंदूचंच रसायन मेंदूला विष होतं. लहान मेंदू म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा, तोल आणि हालचाल सांभाळणारा भाग. त्यातल्या पर्किंजे नावाच्या पेशी यात लवकर जातात, आणि त्या गाबा नावाचं, पुढच्या पेशींना शांत करणारं रसायन सोडून हालचालीला ब्रेक लावतात, म्हणून तुमच्या पिल्लाला वाटीपाशी थांबता येत नाही, अंदाज पुढे जातो. डोपामिन (मेंदूतलं आणखी एक निरोप्या रसायन) बनवणाऱ्या एन्झाइमलाही ऑक्सिजन लागतो, आणि कमतरता असेपर्यंत प्राणी सुस्त पडतो ते वेगळंच.

सगळ्यांचं असं होत नाही पण. गुरुवारी लाईट जाते तेव्हा आमच्या टाकीतला पंप बंद पडतो, गोल्डफिश वर येऊन पचपच तोंड मारतात आणि हळूहळू हलणं कमी करतात. थंड पाण्यात तर ते ऑक्सिजनशिवायही बराच वेळ तगतात, लॅक्टिक ॲसिडचं चक्क अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे सोडून देतात! मांजराला असली सोय नाही.

तरी एकदम ऑक्सिजनवर खापर फोडू नका. आई गाभण असताना तिला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या साथीच्या रोगाचा व्हायरस लागला असेल तर पिल्लांचा लहान मेंदू नीट वाढतच नाही आणि चाल अगदी अशीच होते. बाकीची भावंडं कशी चालतात ते आधी बघा, तीही डुलत असतील तर मला व्हायरसचाच संशय जास्त. दोन्हीत डुलणं पहिल्या पावलापासून असतं आणि वाढत नाही, वाढत असेल तर व्हिडिओ काढून लगेच व्हेटकडे जा. तोवर गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका, वाटी जड आणि जरा उंच ठेवा, आणि त्यात गाईचं दूध असेल तर ते बंद करा, नाहीतर जुलाब लागू शकतात.