जखम नाही, जंतू नाही, तरी सूज का?

प्रश्न : गावच्या यात्रेतील मटणाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही त्यांना सोसवेना. बेळगावच्या डॉक्टरांनी युरिक ॲसिडमुळे झालेला गाउट (सांधेदुखीचा एक प्रकार) असल्याचे सांगितले. जखम किंवा जंतुसंसर्ग नसताना एवढा दाह कसा होतो? आठवडाभरात सूज उतरली आहे. आता युरिक ॲसिडची गोळी बंद करावी का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सूज उतरली याचा अर्थ तिचे कारण नाहीसे झाले असा होत नाही.

रक्तात युरिक ॲसिड दीर्घकाळ जास्त राहिले की सांध्यांत त्याचे सुईसारखे स्फटिक साचतात. अंगठ्याचा सांधा तुलनेने थंड असल्याने तेथे ते लवकर बनतात. जंतू व परके कण गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर धोका ओळखणारे टोल-सदृश ग्राही असतात आणि पेशीच्या आत एनएलआरपी-३ हा दुसरा संवेदक असतो. पहिल्या ग्राहींना इशारा मिळाला की इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहजनक प्रथिन तयार होते, पण निष्क्रिय रूपात. भरपेट स्निग्ध जेवणानंतर रक्तात वाढणारी मेदाम्ले हा इशारा देऊ शकतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पेशीने गिळलेला स्फटिक आतील पिशवी फोडतो, तेव्हा एनएलआरपी-३ जागा होऊन त्या प्रथिनाला कार्यक्षम करतो. स्वित्झर्लंडमधील संशोधक युर्ग चोप यांच्या गटाने २००६ मध्ये गाउटमधील हा दुवा दाखवला. दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय हा मारा सुरू होत नाही, ही शरीराची सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

थांबवण्याची सोयही याच यंत्रणेत आहे. दाहाची जनुके चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा घटक स्वतःलाच आवरणारी ए-२० आणि आय-कप्पा-बी ही प्रथिनेही तयार करवतो. शिवाय सांध्यात धावून आलेल्या न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मेल्या की त्यांना गिळणाऱ्या भक्षक पेशी दाहशामक संदेश सोडू लागतात. त्यामुळे औषधाविनाही गाउटचा झटका बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो, मात्र स्फटिक सांध्यातच राहतात. ते विरघळण्यासाठी रक्तातील युरिक ॲसिड साधारणपणे ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली टिकवावे लागते आणि त्याला अनेक महिने लागतात. वडिलांच्या मूत्रपिंडांची तपासणी झालेली नसल्यास ती करून घ्यावी, आणि औषध दुकानातून परस्पर स्टिरॉइड घेऊ नये.