दुचाकीचा दवाखाना : 'अस्सल इटालियन' लॅम्ब्रेटा

प्रश्न : मी पाचपाखाडीत राहतो, वय ५४. वडिलांकडे लॅम्ब्रेटा स्कूटर होती. पुढे फळीवर उभा राहून मी तिच्यावरून शाळेत जायचो. नंतर ती भंगारात गेली, ते अजून सलतं. आता कोपरखैरण्याचे एक गृहस्थ लॅम्ब्रेटा एलआय १५० विकतायत. जाहिरातीत लिहिलंय, 'अस्सल इटालियन, मिलानमेड, मॉडेल १९६८, फक्त संग्राहकांसाठी'. साडेतीन लाख सांगतात. रंग नवाकोरा, आरशासारखा. आरसी पुस्तक त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, 'ते नंतर बघू' म्हणाले. फोटो सोबत जोडलाय. घ्यावी का? बायको म्हणते, वेड लागलंय तुम्हाला.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वहिनींच्या म्हणण्यावर मी काही बोलणार नाही. आमच्या घरीही हेच ऐकतो.

फोटो भिंग लावून पाहिला. दिवा हँडलवर, दोन्ही बाजूंची पॅनलं गुबगुबीत, म्हणजे ही एलआयची दुसरी आवृत्ती, सिरीज टू. इनोसेंटी कंपनीने मिलानच्या लांब्राते भागातल्या कारखान्यात ही गाडी १९५९ ते १९६१ एवढीच काढली. त्यानंतर सडपातळ अंगाची सिरीज थ्री आली आणि तिकडे हे गोलमटोल रूप बंद झालं. मग १९६८ ची सिरीज टू मिलानहून येईल कशी? साल खरं असेल तर देश खोटा, देश खरा असेल तर साल खोटं. मला विचाराल तर साल खरं आहे. ही गाडी आपल्या मुंबईची. ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, इनोसेंटीचा परवाना घेऊन तेच मॉडेल इथे पुढे कित्येक वर्षं बनवत होती. तुमच्या वडिलांचीही बहुतेक त्यांचीच असणार.

यात कमीपणा काही नाही. माझी स्वतःची मुंबईचीच आहे आणि घोडबंदरचा चढ ती अजून तिसऱ्यात काढते. पण मिलानचं नाव सांगून मिलानचे पैसे मागितले, तर आपण मुंबईचे द्यावेत. एवढं एक वाक्य त्या गृहस्थांना ऐकवा आणि चेहरा बघा.

आता तो आरशासारखा रंग. मला त्याचीच भीती वाटते. एपीआयने पुढे लॅम्बी नावाची स्कूटर काढली होती, आणि आपल्या पेंटरच्या डब्यात असते ती लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी. बाजारात सध्या दुसरीच जास्त फिरते. मी एकदा फसलोय. घेतली तेव्हा गाडी नवरीसारखी दिसत होती. पहिल्याच पावसात कोपरीच्या पुलावर खड्ड्यात आपटली आणि पायाखालच्या फळीचा वीतभर पापुद्रा सुटून रस्त्यावर पडला. उचलून बघतो तर बोटभर जाडीची लांबी, पत्रा नावाला. फळीच्या भोकातून खालचा डांबरी रस्ता दिसत होता. मागून येणारा रिक्षावाला म्हणाला, "काका, गाडी सांडतेय तुमची."

तेव्हा जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. पुढची ढाल, मडगार्ड, पॅनलं, सगळीकडून फिरवा. टपकन चिकटलं तर पत्रा, घसरून पडलं तर लांबी. हँडलचं डोकं ओतीव मिश्रधातूचं असतं, तिथे चिकटणारच नाही, त्यावरून भांडू नका. मग पायाखालच्या रबरी पट्ट्यांच्या कडेला नख लावून बघा, पाणी तिथेच मुरतं. आणि खाली वाकून स्टँडजवळची मुख्य नळी हाताने चाचपा. व्हेस्पाचा सगळा डोलारा पत्र्याचा, लॅम्ब्रेटा मात्र नळीच्या सांगाड्यावर उभी असते. पत्रा बदलता येतो, नळीला वेल्डिंग दिसलं तर चहा पिऊन परत या.

कोपरखैरण्याला पोचल्यावर बोलण्याआधी इंजिनावर तळवा ठेवा. कोमट लागलं तर त्यांनी तुमच्या आधीच किक मारून ठेवलीय. गाडी थंड होईपर्यंत थांबा आणि मग स्वतः मारा. थोडा निळसर धूर येईल, टू-स्ट्रोक आहे, येऊ दे.

नंबरांचं काम घाईत करू नका. पॅनलं काढायला लावा. चेसिसच्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओसाठी प्रिंट काढतात तशी. इंजिनाचाही नंबर तसाच उतरवून घ्या. मग दोन्ही कागद पुस्तकाशेजारी ठेवून एकेक आकडा ताडून बघा. आकडे वर-खाली नाचत असतील किंवा त्या जागी धातू घासलेला दिसला, तर दर निम्म्यावर आला तरी घेऊ नका.

आणि 'ते नंतर बघू' अजिबात चालणार नाही. वडील वारलेत, तर आधी वारस म्हणून त्यांनी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करावी. मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. भाऊ-बहिणी असतील तर त्यांची ना-हरकत घेतलीय का, हे पैसे देण्याआधी विचारा. बयाणा द्यायचाच असेल तर अगदी थोडा, आणि पावतीवर चेसिस नंबर घालून.

प्रश्न : वडिलांची १९७० ची लॅम्ब्रेटा आहे, कागद चोख आहेत. ती विंटेज नंबरावर घेतली तर रोज नेरूळ स्टेशनपर्यंत नेता येईल का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढच्या आणि मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. स्टेशनला न्यायची असेल तर साधीच नोंदणी वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा. शिवाय नेरूळ स्टेशनबाहेर दिवसभर ती उभी करणार? सीटखालचा पेट्रोलचा नळ बंद करायला विसरू नका, आणि स्टेपनीला कुलूप लावा.