आंब्याच्या पेटीवरचा कोड: एका तरुण बागायतदाराला पत्र

अनेक आशीर्वाद.

यंदा पेटीवर क्यूआर कोड छापायचं ठरवलंस आणि छापण्याआधी विचारलंस, हे फार बरं केलंस. माझं आयुष्य लेबलं आणि पुठ्ठ्याचे बॉक्स छापण्यात गेलं, त्यामुळे या विषयावर तुला सविस्तर लिहितो. कोड तयार करायला दोन मिनिटं लागतात. तो स्कॅन केल्यावर माणसाच्या हाती काय पडतं, याचा विचार करायला मात्र आठवडा दिलास तरी चालेल.

तू पाठवलेल्या नमुन्यातला कोड वेबसाइटच्या पहिल्या पानावर जातो. तिथे आजोबांचा फोटो आहे, बागेचा इतिहास आहे, 'आमच्याविषयी' आहे. ते सगळं असू दे, पण पेटीवरून ग्राहकाला तिथे नेऊ नकोस. पेटी कुठे उघडली जाते ते डोळ्यांसमोर आण. ठाण्यातलं किंवा पुण्यातलं घर. आंबे हिरवट आहेत, कडक आहेत. त्या माणसाच्या मनात एवढेच प्रश्न असतात: हे कधी पिकणार? कुठे ठेवायचे? फ्रीजमध्ये टाकायचे का? पिकवायला काही औषध तर वापरलेलं नाही ना? कोड उघडल्याबरोबर याचीच उत्तरं दिसली पाहिजेत. आंबे पेटीतून काढून गवतावर किंवा कागदावर एका थरात पसरा, हवा खेळती राहू द्या, रोज बघा, वास सुटला आणि देठाजवळ किंचित मऊ लागला की खा, पिकेपर्यंत फ्रीज नको. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे आणि आम्ही आढीत पिकवतो, हेही दोन ओळींत लिही. बाग कोणत्या गावातली, तोड कोणत्या तारखेची, एवढं त्याखाली.

आणि त्याच पानावर, खाली दडवून न ठेवता, साक्याबद्दल लिही. फळ बाहेरून सुरेख दिसतं आणि कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा न पिकलेला भाग निघतो, हे बागायतदाराला माहीत असतं, शहरातल्या ग्राहकाला नसतं. त्याला वाटतं, फसवलं. 'साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ' असं बटण दिसलं, तर तो माणूस सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार लिहिण्याआधी तुला लिहील. माझ्या मते संपूर्ण कोडची किंमत या एका बटणात वसूल होते. पुढच्या वर्षीची ऑर्डर जाहिरातीने जितकी येते, त्याहून जास्त अशा बदलून दिलेल्या फळाने येते.

आता एक गोष्ट फक्त आपल्याकडची. परदेशी लेखांत ती सापडणार नाही. 2016 साली यूपीआय आलं आणि काही वर्षांत भाजीच्या गाडीपासून सराफापर्यंत सगळीकडे काळापांढरा चौकोन लागला. त्यामुळे आपल्या माणसाला कोड दिसला की हात पैशांच्या अॅपकडे जातो. तुझा माहितीचा कोड त्या अॅपमधून स्कॅन केला, तर बहुतेक वेळा 'हा कोड चालत नाही' अशा अर्थाचं काहीतरी येतं. ग्राहक समजतो कोडच बिघडलेला आहे, आणि पुन्हा प्रयत्न करत नाही. म्हणून कोडशेजारी ठळक अक्षरांत लिही: 'फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा'. आयफोनचा कॅमेरा 2017 पासून कोड थेट वाचतो, आणि आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही वेगळं अॅप लागत नाही. त्याच्या वर, त्याहून मोठ्या अक्षरांत, स्कॅन केल्यावर काय मिळणार ते लिही. 'आंबे कधी पिकतील? इथे पाहा' ही ओळ नुसत्या 'स्कॅन करा'पेक्षा कितीतरी जास्त काम करते. कोड पैशांपलीकडेही कामाचा असतो याची सवय लोकांना हळूहळू लागते आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने) गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, त्याच दिवसापासून देशात 300 प्रमुख औषध ब्रँडच्या वेष्टनांवरही क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला. खरंखोटं तपासायला चौकोन असतो, हे शहरी ग्राहकाला कळू लागलंय. त्याचा फायदा घे.

पण त्यातच एक धोका आहे. 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा देवगड, रत्नागिरीच्या नावाने विकला जाणं थांबलेलं नाही, हे तू माझ्यापेक्षा जवळून बघतोस. सगळ्या पेट्यांवर एकच कोड छापून 'आमचा माल अस्सल असल्याची खात्री' असं लिहू नकोस. त्या कोडचा फोटो काढून कुणीही आपल्या पेटीवर छापू शकतो आणि तो तुझंच पान उघडून दाखवेल. अस्सलपणासाठी कोड वापरायचाच असेल, तर प्रत्येक पेटीला वेगळा क्रमांक हवा. तो उघडल्यावर ही पेटी कोणत्या तारखेला, कोणत्या शहरात पाठवली ते दिसावं, आणि तोच क्रमांक वारंवार उघडला जात असेल तर तुला कळावं. हे काम खर्चाचं आहे. पहिल्या वर्षी यात पडू नकोस, आणि जे सिद्ध होत नाही ते पुठ्ठ्यावर छापू नकोस.

छपाईकडे वळतो, कारण इथे माझा हात बसलेला आहे. कोडमध्ये जितकी जास्त अक्षरं, तितकी चौकटींची जाळी बारीक. सर्वांत लहान कोडला एका बाजूला 21 चौकटी असतात, सर्वांत मोठ्याला 177. तुझी सध्याची लिंक शंभरेक अक्षरांची आहे. तिचा कोड मध्यम दुरुस्ती-पातळीवर (ती काय ते पुढे सांगतो) 41 बाय 41 चौकटींचा होतो. पेटीवर तू अडीच सेंटिमीटर जागा ठेवली आहेस, म्हणजे एक चौकट जेमतेम 0.6 मिलिमीटर. कोरूगेटेड पुठ्ठ्यावर शाई पसरते, खालच्या नाळ्यांमुळे दाब सारखा बसत नाही, आणि इतक्या बारीक चौकटी एकमेकींत मिसळतात. तीच लिंक 26 अक्षरांत बसवलीस तर कोड 25 बाय 25 चा होतो आणि त्याच जागेत एक चौकट पूर्ण 1 मिलिमीटरची मिळते. मजकूर सोडून दुसरं काही बदललं नाही, तरी वाचनात जमीनअस्मानाचा फरक पडतो.

दुरुस्ती-पातळी म्हणजे कोडचा किती भाग खराब झाला तरी तो वाचता येईल याचं प्रमाण. चार पातळ्या असतात: साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के. ट्रकमध्ये घासल्या जाणाऱ्या, ओल लागणाऱ्या पेटीला मी 25 ची निवडीन, थोड्या चौकटी वाढल्या तरी. पण ही सोय ओरखड्यांसाठी आहे. मधोमध मोठा लोगो ठेवून ती आपणच खर्च करायची आणि मग वाहतुकीसाठी काही उरत नाही, हे मला पटत नाही. तुझ्या डिझाइनमधला कोडवरचा आंबा काढ. चारही बाजूंनी किमान चार चौकटींएवढी कोरी जागा सोड. तुझ्या डिझायनरने तिथे वेलबुट्टी काढली आहे, ती सुंदर आहे, पण कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो ते त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं. गडद कोड, फिकट पार्श्वभूमी. खाकी पुठ्ठ्यावर केशरी कोड नको. पांढरं स्टिकर, काळी शाई, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि फोन हलवत बसावं लागतं. पेटीच्या घडीवर किंवा पट्टी चिकटवायच्या जागेवर कोड येत नाही ना, तेही बघ. तू विकतोस त्या कोकम आगळाच्या बाटलीवर मात्र कोड लहान ठेव आणि सपाट भाग असेल तर तिथेच लाव. गोलाईवर कडा मागे वळतात.

हे तंत्र 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत (आजच्या डेन्सो वेव्हमध्ये) मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केलं. पेटंट कंपनीकडे होतं, पण तिने वापरणाऱ्यांकडून मोल घेतलं नाही, म्हणून ते जगभर पसरलं. हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. साधा कोड कायमचा फुकट असतो, त्याला मुदत नसते. तरीही नेटवर अशी अनेक संकेतस्थळं आहेत जी 'मोफत कोड' म्हणून स्वतःची मधली लिंक, म्हणजे आधी त्यांच्या साइटवर जाऊन मग तुझ्या पानावर नेणारा पत्ता, कोडमध्ये घालतात. चाचणीचे दिवस संपले की तुझ्या छापलेल्या पेट्यांवरचा कोड ग्राहकाला त्यांच्या पैसे भरण्याच्या पानावर नेतो. पाच हजार पेट्या छापून झाल्यावर हे समजलं तर हातात काही राहत नाही.

मधली लिंक असणं चुकीचं नाही, ती तुझ्या मालकीची असली पाहिजे. स्वतःचं छोटं डोमेन (वेबसाइटचं नाव) घे, त्यावर 'पेटी' या अर्थाचा एक अक्षरी पत्ता कर आणि तिथून ग्राहकाला हव्या त्या पानावर पाठव. मग मार्चमध्ये तेच छापील कोड 'आढीत कसे ठेवाल' दाखवतील, जूनमध्ये 'आमरसाचे डबे मागवा', दिवाळीत 'पुढच्या हंगामाची नोंदणी'. आणि त्या डोमेनचे पैसे दरवर्षी न चुकता भर. 2015 मध्ये जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटलीवर एका जुन्या स्पर्धेचा कोड होता. स्पर्धा संपली, डोमेन सोडून दिलं गेलं, दुसऱ्याने ते घेतलं आणि बाटली स्कॅन करणाऱ्या ग्राहकासमोर अश्लील संकेतस्थळ उघडलं. कंपनीला माफी मागावी लागली. छापलेली वस्तू लोकांच्या घरात किती काळ राहील, हे आपल्या हातात नसतं.

व्हॉट्सअॅपचा कोड तू वेगळा करणार आहेस, ते उत्तम, आपल्या ग्राहकाला तिथेच बोलायला आवडतं. आधीच लिहिलेला संदेश उघडावा ही कल्पनाही चांगली. पण मराठी संदेश थेट लिंकमध्ये घातलास तर देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरं खातं. 'नमस्कार' एवढ्या शब्दाची (काना आणि जोडाक्षराची खूण धरून सात चिन्हं) 63 अक्षरं होतात आणि कोड मुंग्यांच्या वारुळासारखा दिसतो. त्यासाठीही तुझ्या डोमेनचा छोटा पत्ता वापर. संदेशात पेटीची तोड-तारीख आपोआप यावी, म्हणजे कोणत्या मालाबद्दल बोलतोय ते ग्राहकाला सांगावं लागत नाही.

पेटीचा, बाटलीचा, स्टॉलचा, तू पाहुण्यांना देतोस त्या मुक्कामाच्या खोलीतला, प्रत्येक ठिकाणचा पत्ता वेगळा ठेव. कुठून किती लोक आले हे त्याशिवाय कळणार नाही. त्या आकड्यापेक्षा मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो: आलेल्यांपैकी किती जणांनी पुढे संदेश पाठवला. शंभर जण येऊन एकही बोलला नाही, तर पानात खोट आहे, कोडमध्ये नाही.

पुण्यातल्या पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात स्टॉल लावशील तेव्हा अंतराचा विचार कर. कोडची रुंदी स्कॅन करण्याच्या अंतराच्या साधारण दहावा हिस्सा असावी. मीटरभर लांब उभ्या माणसाला 10 सेंटिमीटरचा कोड लागतो. गर्दीत नेट रखडतं, म्हणून पान हलकं ठेव, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ नको. पैशांचा कोड गल्ल्याजवळ आणि माहितीचा कोड दुसऱ्या टोकाला, दोन वेगळ्या रंगांच्या पाट्यांवर. पैशांच्या कोडवर दुसऱ्याचं स्टिकर चिकटवून जाण्याचे प्रकार घडतात, तेव्हा रोज सकाळी स्वतः एक रुपया पाठवून नाव बरोबर येतंय का बघ. आणि स्टॉलवरच्या पोरांकडून हे पाठ करून घे: पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही.

महामार्गावरच्या फलकावर कोड टाकायचा तुझा बेत मात्र सोड. धावत्या गाडीतून तो कुणी स्कॅन करत नाही, आणि चालकाने तसा प्रयत्नही करू नये. तिथे नाव, बाण आणि फोन नंबर. कोड लोक थांबलेले असतात तिथे चालतो. 2011 मध्ये दक्षिण कोरियाच्या सोल शहरातल्या सोल्लंग मेट्रो स्थानकात होमप्लस या दुकानसाखळीने भिंतीवर किराणा मालाच्या फळ्यांची चित्रं लावली, प्रत्येक वस्तूखाली कोड. गाडीची वाट बघणारे लोक स्कॅन करत आणि सामान घरपोच जाई. हातात फोन, पाच मिनिटं रिकामी, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची चिंता. तुझ्याकडे अशी जागा म्हणजे मुक्कामाच्या घरातलं जेवणाचं टेबल आणि चहाची टपरी.

ग्राहकाचं नाव, नंबर, वाढदिवस विचारणारा फॉर्म पहिल्याच पानावर ठेवू नकोस. ऑर्डरला लागेल तेवढंच माग, आणि कशासाठी मागतोस ते लिही. 2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्याचाही रोख तोच आहे.

छापण्याआधी पन्नास पेट्यांचं प्रूफ काढ. ते स्वस्तातल्या जुन्या फोनवर, संध्याकाळच्या उजेडात, आईच्या हाती देऊन तपास. आणि कोडखाली फोन नंबर मोठ्या अक्षरांत छाप. पेटी उघडणाऱ्या कितीतरी आज्या स्कॅन करणार नाहीत, त्या फोन करतील, आणि तुझ्या सर्वांत जुन्या ग्राहक त्याच आहेत. एप्रिल-मेमध्ये घरचे सगळे बागेत असतात, तेव्हा तो फोन कोण उचलणार ते बाबांशी बोलून आत्ताच ठरव.

तुझा,
काका