डोकेदुखीची गोळी आणि पावडरचा ड्रम

घरच्या डब्यात आयबुप्रोफेनच्या गोळ्या असतात, म्हणून २५ किलोच्या ड्रमला काय लेबल लावायचं, असं मनात आणू नकोस. रुग्ण जी गोळी घेतो तिला जीएचएसचं (रसायनांचे धोके दाखवण्याच्या जागतिक पद्धतीचं) लेबल लागत नाही. पण चाळणीवर उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकातोंडात पावडर जाते, तिला लागतं.

सुरुवात एलडी-५० पासून कर, म्हणजे ज्या मात्रेला चाचणीतले निम्मे प्राणी मरतात तो आकडा. उंदरांच्या वेगवेगळ्या जातींचे आकडे सापडतील. तोंडावाटेच्या विषारीपणासाठी रॅटचा आकडा आधी बघ. आयबुप्रोफेनचा साधारण ६३६ मिग्रॅ प्रति किलो मिळतो. ३०० च्या वर, २००० पर्यंत म्हणजे वर्ग ४: उद्गारचिन्ह, ‘वॉर्निंग’ हा शब्द, आणि एच३०२ (‘गिळल्यास अपायकारक’ या इशाऱ्याचा कोड). आकडा ३०० किंवा त्याखाली असता तर कवटी आली असती.

इथंच बहुतेक नवशिके फाइल बंद करतात. एसडीएसचा (पुरवठादाराच्या सुरक्षा माहितीपत्रकाचा) विभाग ११, म्हणजे विषारीपणाचा, नीट वाच. ‘माहिती उपलब्ध नाही’ आणि ‘चाचणी झाली, निकषात बसत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला ‘धोका नाही’ म्हणू नकोस. दोन पुरवठादारांचे एसडीएस जुळले नाहीत तर सोयीचा उचलू नकोस, दोघांकडे मूळ अभ्यास माग. (उत्तर यायला वेळ लागतो, पाठपुरावा ठेव.)

बारीक धुळीच्या स्फोटाची चाचणी वेगळी करून घे. सेफ्टीवाले ती हमखास प्रॉडक्शनवर ढकलतात, प्रॉडक्शनवाले परत तुझ्यावर.