सगळ्यांना पचतं, मग मलाच का नाही?

प्रश्न : ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहते, वय 36. रविवारी सगळे मिसळ खायला जातो, बाकीच्यांना काही होत नाही पण माझं पोट दुपारपर्यंत टम्म फुगतं. रात्री सासूबाई आग्रह करतात म्हणून ग्लासभर दूध घेते, सकाळी परत गुडगुड. मैत्रीण म्हणते गहू बंद कर. नक्की काय सोडू?

उत्तर : गहू राहू दे सध्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिला संशय दुधाचाच येतोय. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, ती पचवायला आतड्यातलं लॅक्टेज नावाचं पाचक एन्झाइम लागतं आणि लहानपणानंतर ते आपल्याकडे खूप जणांचं कमी होत जातं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आठ-दहा दिवस फक्त दूध थांबवा, चहातलं पण, बाकी जेवण आहे तसंच ठेवा. आराम पडला तर मग थोडं ताक किंवा दही घेऊन बघा, विरजणामुळे लॅक्टोज कमी होतो त्यामुळे दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना ते चालतं. सासूबाईंना कॅल्शियमची काळजी असेल तर त्यांना सांगा नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी आहे की.

आता मिसळ. नाशकात राहून मिसळ सोडा असं मी सांगणार नाही, पण त्या प्लेटमध्ये मटकी, कच्चा कांदा, तर्रीचं तेल, तिखट, फरसाण, पाव असं सगळं एकदम पोटात जातं, मग दोष कुणाचा ते कळणार कसं? मटकीतल्या आणि कांद्यातल्या काही साखरा लहान आतड्यात पचतच नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्या खातात आणि गॅस होतो, हे सगळ्यांचंच होतं, फक्त कुणाला जास्त जाणवतं. म्हणून घरी मोडाची मटकी करा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, कांदा नको, तिखट बेताचं, आणि अर्धी वाटीच खा. ती सोसली तर पुढच्या वेळी कांदा घालून बघा. एका वेळी एकच बदल, आणि काय खाल्लं, किती, कधी त्रास झाला ते लिहून ठेवा. पुष्कळदा पदार्थ चालतो, प्रमाण चालत नाही.

गव्हाचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारून आधी सिलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करा, कारण गहू सोडल्यावर केलेली तपासणी चुकीची नॉर्मल येऊ शकते. आणि वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, हिमोग्लोबिन कमी आलंय किंवा जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागतंय, यातलं एक जरी असेल तर हे घरचे प्रयोग करत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा.